तापातली आकडी, क्लास वनची तपासणी आणि मामांचा सल्ला

वाचकाचे पत्र

सादर नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. पीयूसी (बारावी) सायन्स झाल्यावर त्याने वैमानिक व्हायचे ठरवले आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावर चालणाऱ्या एका प्रशिक्षण संस्थेत त्याला प्रवेश मिळतो आहे. प्रशिक्षणार्थींसाठी लागणारी क्लास टूची वैद्यकीय तपासणी झाली, त्यात तो फिट ठरला. आता बेंगळूरला व्यावसायिक परवान्यासाठी लागणारी क्लास वनची तपासणी आहे. त्याचा फॉर्म वाचताना ‘पूर्वी कधी फिट किंवा आकडी आली होती का’ हा प्रश्न दिसला आणि मला आठवले, की तो पावणेदोन वर्षांचा असताना कडक तापात एकदा त्याला आकडी आली होती. मुलाला हे माहीतच नव्हते, म्हणून क्लास टूच्या फॉर्मवर त्याने ‘नाही’ असे लिहिले आहे. माझे भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले आहेत. ते म्हणतात, ‘भरतीला कोण जुने दुखणे सांगत बसतो? गप्प राहा.’ त्यातच क्लास टूच्या वेळी त्याचा रक्तदाब आधी १४६/९२ आला होता, थोड्या वेळाने खाली आला. त्याला उणे अडीचचा चष्मा आहे. तपासणीआधी लेझरने नंबर काढून टाकू, असे तो म्हणतो. शहरातला एक माणूस ‘मेडिकल मॅनेज करून देतो’ असे सांगतो आहे. संस्थेचा पहिला हप्ता या महिन्यात भरायचा आहे. आणि एवढे करून तो फिट ठरला, तरी दरवर्षी पुन्हा हेच असते म्हणे. आम्ही काय करावे?

उत्तर

ताई,

आकडीची नोंद फॉर्मवर करा. क्लास वनचा निकाल हाती येईपर्यंत पहिला हप्ता भरू नका. लेझरचा विचार सध्या सोडा आणि ‘मॅनेज’ करणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नका. आपल्या पत्राचे थोडक्यात उत्तर एवढेच आहे. पण यातल्या प्रत्येक गोष्टीमागची कारणे आपल्याला, आणि विशेषतः आपल्या भावांना, पटणे आवश्यक आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो.

आपल्या भावांचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे यात शंका नाही. बेळगाव परिसरात घरटी एखादा माणूस फौजेत असल्यामुळे ‘मेडिकल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरतीचे मैदान येते. तिथे उमेदवार हजारो आणि जागा मोजक्या असतात, एखाद्या बारीकशा उणिवेवरूनही माणूस बाजूला काढला जातो, आणि एकदा आत गेल्यावर तो जुना कागद सहसा कोणी उघडत नाही. नागरी विमानचालनातली तपासणी अशी नसते. तिथे कोणाशी स्पर्धा नाही, जागांची मर्यादा नाही. समोरच्या डॉक्टरांना एवढेच ठरवायचे असते, की हा माणूस विमान चालवत असताना अचानक निकामी होण्याची शक्यता किती आहे. शिवाय जी फाइल आज उघडली जाईल, तीच फाइल मुलगा उडत असेपर्यंत चालू राहील. दरवर्षीच्या तपासणीत तोच प्रश्न पुन्हा येईल आणि त्याखाली त्याला पुन्हा सही करावी लागेल. आज १९ व्या वर्षी लिहिलेले खोटे त्याला साठीपर्यंत दरवर्षी नव्याने लिहावे लागेल, आणि त्यातल्या कुठल्याही वर्षी ते उघडे पडू शकेल. माहिती दडवून मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, आहे. वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणारा विमाही असतो. मात्र माहिती लपवली होती असे दिसले, तर तो दावाही नाकारला जाऊ शकतो. म्हणजे ज्या संकटासाठी आधार ठेवायचा, तो आधार नेमका त्याच वेळी जाईल. यात नुकसान एका आकडीचे नसते. खोट्या सहीचे असते.

आता त्या आकडीकडे वळू. लहान मुलांना सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापामुळे येणारी आकडी हा प्रकार बालरोगतज्ज्ञांना अगदी परिचित आहे. ती अपस्मार, म्हणजे फेफरे, नव्हे. संपूर्ण अंगाला झटके आले, ते 15 मिनिटांच्या आत थांबले, 24 तासांत पुन्हा आले नाहीत आणि मेंदूज्वरासारखा आजार नव्हता, तर तिला साधी ज्वरजन्य आकडी म्हणतात. अशा मुलांना पुढे अपस्मार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे अपस्माराचे निदान झालेली व्यक्ती वैमानिक म्हणून अपात्र ठरते, आणि फॉर्मवरचा तो प्रश्न त्याचसाठी असतो. परंतु प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर देणे म्हणजे अपात्र ठरणे नव्हे. ‘हो’ लिहिल्यावर पुढचा प्रश्न येतो, की ती आकडी कोणत्या प्रकारची होती. त्याचे पक्के उत्तर तयार ठेवणे हे आपले काम आहे, आणि ते मुलापेक्षा आपणच अधिक चांगले करू शकाल, कारण त्या रात्री त्याच्याजवळ आपण होता.

म्हणून आज निवांत बसून, जे आठवते तेवढेच, एका कागदावर लिहून काढा. मुलाचे वय तेव्हा किती महिन्यांचे होते, ताप किती होता आणि किती वेळापासून होता, झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हाताला किंवा पायाला, अंदाजे किती वेळ चालले, शुद्ध कधी आली, नंतर मूल नेहमीसारखे वागू लागले का, त्याच आजारात पुन्हा आकडी आली का, कमरेतून पाणी काढून तपासले होते का, आकडीची औषधे सुरू केली होती का आणि केली असल्यास किती दिवस, आणि मुख्य म्हणजे पाच वर्षांनंतर आजपर्यंत असे काही कधी घडले का, या सगळ्यांची उत्तरे त्यात यावीत. कुटुंबात कोणाला अपस्मार असेल, तर तेही लिहा. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहा. अंदाजाने भरलेला तपशील पुढे रुग्णालयाच्या कागदाशी जुळला नाही, की खरी गोष्टही संशयास्पद वाटू लागते.

त्यानंतर जुने कागद शोधा. ज्या दवाखान्यात मुलाला नेले होते तो अजून चालू असेल, तर जुन्या नोंदवहीत किंवा डिस्चार्ज कार्डावर काही मिळते का ते विचारा. घरातल्या लोखंडी पेटीत, लसीकरणाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला डॉक्टरांनी केलेली एखादी नोंद मिळाली, तरी तिला मोल आहे. काहीच मिळाले नाही, तर आपले लेखी निवेदन पुढे करावे लागेल. हे सगळे घेऊन बेळगावातल्या एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञांना मुलासह भेटा, वैमानिकाच्या तपासणीसाठी मत हवे आहे हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि त्यांचे मत लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक व तारखेसह लेखी घ्या. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, करायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा. पुष्कळ पालक घाईघाईने आपणच ईईजी, एमआरआय असे सगळे करून जाडजूड फाइल घेऊन येतात. मला ते पसंत नाही. निरोगी तरुणाच्या ईईजीतही कधी कधी निरुपद्रवी वेगळेपण दिसते आणि मग त्याचा खुलासा करण्यातच महिने जातात. तज्ज्ञांनी किंवा तपासणी केंद्राने सांगितलेली प्रत्येक तपासणी करा आणि तिचा निकाल कसाही असला तरी फाइलमध्ये ठेवा. मात्र न सांगितलेल्या तपासण्यांची रास घालू नका.

क्लास टूच्या फॉर्मवर आधीच ‘नाही’ लिहिले गेले आहे, याची आपल्याला भीती वाटणे साहजिक आहे. मुलाला माहीत नसलेली गोष्ट त्याने लिहिली नाही, हे खोटे बोलणे नव्हे. ते समजल्यानंतरही गप्प राहणे मात्र खोटे ठरेल, आणि आपल्याला ते आता समजले आहे. क्लास टूचे डॉक्टर फक्त तपासून अहवाल पाठवतात. पात्रतेचा अंतिम निर्णय डीजीसीएचा वैद्यकीय विभाग घेतो आणि तिथेच मुलाची फाइल असते. म्हणून त्या विभागाला मुलाच्या सहीने, फाइल क्रमांक घालून, चार ओळींचे पत्र पाठवा: अमुक तारखेच्या फॉर्मवर आकडीबद्दलच्या प्रश्नाला अजाणतेपणी ‘नाही’ असे उत्तर दिले होते, नंतर आईकडून बालपणीच्या एका प्रसंगाची माहिती मिळाली, ती सोबत देत आहे आणि क्लास वनच्या फॉर्मवरही नोंदवत आहे. सोबत आपले निवेदन आणि तज्ज्ञांचे मत जोडा. पत्राची प्रत आणि पाठवल्याचा पुरावा स्वतःजवळ ठेवा. पुढे कधी कोणी विचारले, तर चूक लक्षात येताच ती आपणहून दुरुस्त केली, हे दाखवणारा हाच कागद असेल. उत्तर येईपर्यंत त्याने एकट्याने उड्डाण करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

तपासणीचे म्हणाल, तर बेंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन ही हवाई दलाची 1957 सालची संस्था आहे. पूर्वी पहिल्या क्लास वन तपासणीसाठी अशा हवाई दलाच्या केंद्रांकडेच जावे लागत असे. अलीकडे काही नागरी केंद्रांनाही ती परवानगी मिळाली आहे आणि त्यांची चालू यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहता येते. अर्ज ईजीसीए या ऑनलाइन प्रणालीतून जातो. आपल्या सीमाभागातल्या मुलांची एक नेहमीची अडचण इथे सांगून ठेवतो: दहावीच्या मार्क्स कार्डावर वडिलांचे नाव आद्याक्षरापुरते, आधारवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर तिसरेच, असे झाले की अर्ज तिथेच अडकतो. नावे आताच एकसारखी करून घ्या.

रक्तदाबाचा मुद्दा मला आकडीपेक्षाही अधिक लक्ष देण्याजोगा वाटतो, कारण आकडी भूतकाळात आहे आणि रक्तदाब त्या दिवशी खोलीत मोजला जाणार आहे. 140/90 च्या वर आकडा गेला, की डॉक्टरांना थांबावेच लागते. १९ वर्षांच्या मुलाचा रक्तदाब पांढरा कोट पाहून वर जातो आणि थोड्या वेळाने खाली येतो, हे पुष्कळदा घडते. पण ‘भीतीमुळे वाढला असेल’ हे आपण ठरवायचे नाही, मोजून सिद्ध करायचे. दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घ्या, मनगटावरचे नको. मुलाला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, न बोलता, पाच मिनिटे बसू द्या. बाही वर सरकवून दंड आवळू नका, तर दंड उघडा ठेवा, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा आणि मग मोजा. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाचा दंड जाड असेल, तर यंत्रासोबत आलेला लहान पट्टा आकडा खोटाच वर दाखवतो, म्हणून मोठा पट्टा मागून घ्या. सकाळी आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सलग सात दिवस मोजून तारीख व वेळेसह वहीत उतरवा. घरचे आकडे शांतपणे खाली असतील, तर फिजिशियनच्या सल्ल्याने 24 तास रक्तदाब नोंदवणारी तपासणी करून तिचा अहवाल सोबत न्या. घरचे आकडेही वर असतील, तर मात्र तपासणीची तारीख पुढे ढकलून कारण शोधा. एवढ्या लहान वयात खरा रक्तदाब असेल, तर मूत्रपिंड, थायरॉइड, वजन, घोरणे, जिममधली पावडरे, सगळेच पाहावे लागते. आणि रक्तदाबाची गोळी आदल्या दिवशी गुपचूप देऊन आकडा खाली आणण्याची युक्ती कोणी सुचवली, तर ती ऐकू नका. रक्तदाब औषधाने नीट ताब्यात असलेले वैमानिक उडत असतात. त्यांनी ते औषध नोंदवलेले असते आणि सुरुवातीला काही काळ जमिनीवर राहून त्याचा परिणाम पाहिलेला असतो.

बेंगळूरला जाताना तपासणीच्या आदल्या दिवशीच पोहोचा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्रभर कूस बदलत, पहाटे उतरून, स्टेशनवर कडक कॉफी घेऊन थेट रक्तदाब मोजायला बसलेल्या मुलाचा आकडा वर गेला, तर त्याचा दोष यंत्राला देता येत नाही. आदल्या दिवशी धावणे आणि जोर-बैठका टाळाव्यात, कारण जबर व्यायामानंतर लघवीत तात्पुरती प्रथिने दिसतात आणि मग मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा फेरा मागे लागतो.

कानांबद्दल लोक बेफिकीर असतात. क्लास वनसाठी प्रत्येक कान वेगळा तपासतात: 500, 1000 आणि 2000 हर्ट्झच्या स्वरांना 35 डेसिबलपेक्षा, आणि 3000 हर्ट्झला 50 डेसिबलपेक्षा अधिक ऱ्हास चालत नाही. तरुण, निरोगी कानाला हे अवघड नाही. पण बेळगावच्या गणेश विसर्जनाच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे रात्रभर नाचून आलेल्या मुलाचे कान दुसऱ्या दिवशी घूं-घूं करत असतात, आणि त्या अवस्थेत काढलेला आलेख त्याच्या कायमच्या फाइलमध्ये जातो. तपासणीची तारीख मिरवणुकीच्या आठवड्यात येत असेल, तर दोन्हींपैकी एक सोडावे लागेल. कानात मळ असेल, तर तो आठवडाभर आधी कान-नाक-घसातज्ज्ञांकडून काढून घ्या.

चष्मा लागला म्हणजे वैमानिक होता येत नाही, ही समजूत आपल्याकडे हवाई दलाच्या आणि एनडीएच्या निकषांवरून पसरली आहे. नागरी वैमानिकासाठी चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसणे पुरेसे असते. उणे अडीच हा काही मोठा नंबर नाही. प्रमाणपत्रावर ‘चष्मा वापरून’ अशी अट येईल आणि उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागेल, इतकेच. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या, तर त्या एकाच अंतरासाठीच्या (मोनोफोकल) आणि बिनरंगी असाव्या लागतात. उलट लेझर शस्त्रक्रिया केली, तर डोळा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि बुबुळाच्या जाडीचे कागद मागितले जातात, आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसत नाहीत ना हे तपासले जाते. जे चष्म्याने सुटते, त्यासाठी हे सगळे कशाला? रंगदृष्टी मात्र इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर आधीच तपासून घ्या, कारण तिथे चष्मा उपयोगी पडत नाही. आणि ते तक्ते पाठ करून जाणाऱ्यांच्या नादी लागू नका. धावपट्टीच्या कडेचे लाल-हिरवे-पांढरे दिवे पाठ करता येत नाहीत.

निकाल आल्यावर शब्दांनी घाबरून जाऊ नका. ‘तात्पुरता अपात्र’ असा शेरा आला, तर त्याचा अर्थ काही कागद, काही उपचार किंवा काही काळ हवा आहे, एवढाच असतो. शेऱ्यासोबत काय करून पुन्हा कधी यायचे ते लिहिलेले असते आणि त्याच क्रमाने ते पूर्ण करायचे असते. माझ्या पाहण्यात मुले इथे एक चूक वारंवार करतात: शेरा आला की निराश होऊन सहा महिने काहीच करत नाहीत आणि मग फेरतपासणीच्या आधीच्या आठवड्यात धावपळ करतात. कायम अपात्रतेचा निर्णय आला, तरी त्यावर पुनर्विचार मागण्याची सोय असते. तो मागताना नवे वैद्यकीय मत जोडले, तर त्याला वजन येते, नुसत्या विनवणीला येत नाही. आपल्या मुलाच्या बाबतीत आकडीवरून तज्ज्ञांचे आणखी एक मत मागितले जाण्याची शक्यता मी धरून चालतो. त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

दरवर्षीच्या तपासणीबद्दल आपण विचारले आहे. चाळिशीच्या आतल्या व्यावसायिक वैमानिकाचे क्लास वन प्रमाणपत्र साधारणतः 12 महिने चालते, म्हणजे होय, हे दरवर्षी असते. पण खरी परीक्षा दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत असते. पावसाळ्यात बेळगावला सर्दी होणार नाही असा माणूस नाही, आणि सर्दी झाली की आपण मेडिकलच्या दुकानातून गोळी आणतो. त्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामाइनसारखे सुस्ती आणणारे औषध असते. ती घेऊन उडणे योग्य नाही. आणि गोळी न घेता नाक बंद असताना उडणेही योग्य नाही, कारण विमान खाली येताना कानाच्या आत हवा पोहोचवणारी नळी उघडत नाही, पडदा आत ओढला जातो आणि नेमके उतरण्याच्या वेळी असह्य कळ येते. अशा वेळी त्या दिवशीचे उड्डाण सोडणे हेच वैमानिकाचे काम. मुलाला पहिल्या महिन्यातच हे सांगा, कारण प्रशिक्षणार्थी तास बुडू नयेत म्हणून दुखणी लपवतात.

खोकल्याच्या औषधातले कोडीन, झोपेच्या गोळ्या आणि भांग यांचा माग मादक द्रव्यांच्या चाचणीत लागतो. 31 जानेवारी 2022 पासून आपल्याकडे विमान कर्मचाऱ्यांची अशी अचानक तपासणी होते. रंगपंचमीला मित्रांनी हातात दिलेला पेला त्याला महागात पडू शकतो, कारण भांगेचा अंश लघवीत बरेच दिवस राहतो. मद्याबाबत उड्डाणाआधी 12 तासांचा नियम आहे आणि श्वासचाचणीत अंशमात्रही चालत नाही. पहिल्यांदा सापडले, तर परवाना तीन महिने निलंबित होतो. होमिओपॅथीची काही द्रावणे आणि तोंड धुण्याची काही औषधे मद्यार्कयुक्त असतात, हे घरातल्यांनीही लक्षात ठेवावे. आपण मायेने दिलेला काढासुद्धा त्याने आधी विचारून घ्यावा.

मनाच्या आरोग्याचे थोडे सांगणे आवश्यक आहे. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतात आदळवले आणि 150 माणसे गेली. आपले आजारपण त्याने कंपनीपासून लपवले होते. तेव्हापासून जगभर या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. त्याची दुसरी बाजू अशी, की परवाना जाईल या भीतीने पुष्कळ वैमानिक डॉक्टरांची पायरीच चढत नाहीत आणि साध्या उपचाराने बरे होणारे दुखणे वाढवून ठेवतात. घरापासून दूर, कर्जाचे ओझे डोक्यावर, प्रशिक्षकांचा धाक आणि परीक्षांचा ताण, यात १९ वर्षांच्या मुलाची झोप उडाली, तर त्याने ते घरी मोकळेपणाने सांगावे असे वातावरण ठेवा. दर फोनवर ‘किती तास झाले?’ एवढाच प्रश्न विचारू नका.

‘मॅनेज’ करणाऱ्या माणसाबद्दल दोनच वाक्ये लिहितो. अंतिम निर्णय फाइल पाहून दिल्लीत होतो, त्यामुळे तो माणूस बहुधा आपले पैसे घेऊन काहीच करणार नाही. आणि त्याने खरोखर काही केलेच, तर ते आपल्या मुलाच्या नावावर गुन्हा म्हणून राहील.

राहिला हप्ता. व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन लागतेच. क्लास टूवर प्रशिक्षणार्थी म्हणून शिकता येते, पण नोकरीपर्यंत जाता येत नाही. काही संस्था ‘क्लास टू झाले ना, मग सुरू करा, क्लास वन नंतर बघू’ असे सांगतात. आपल्या मुलाच्या फाइलमध्ये खुलासा व्हायचा एक प्रश्न शिल्लक आहे, म्हणून आपण तसे करू नये. संस्थेला लेखी विचारा, की क्लास वनचा निकाल येईपर्यंत जागा राखून ठेवण्यासाठी किती रक्कम लागेल आणि वैद्यकीय कारणाने प्रवेश रद्द झाला, तर त्यातली किती परत मिळेल. उत्तरही लेखीच मागा. तोंडी आश्वासनावर शेत गहाण टाकू नका. प्रवेश पुढच्या तुकडीत गेला तरी चालेल. त्या मोकळ्या वेळात मुलाने हवामानशास्त्र, दिशानिर्देशन आणि हवाई नियम या डीजीसीएच्या लेखी परीक्षांची तयारी करावी, म्हणजे ते महिने वाया जाणार नाहीत.

निवेदन लिहून झाले, की मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्याआधी ते भावांनाही वाचायला द्या. त्या रात्री दवाखान्यात आपल्यासोबत तेही आले असतील, तर आपल्याला न आठवलेले एखादे उत्तर त्यांच्याकडे मिळू शकेल.